रक्षाविसर्जनाला राजकारण नको

आमच्याकडं रक्षाविसर्जनाला पुढाऱ्याची वाट बघतात. पलूस भागात कुणालाही विचारा, सांगेल. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायची, नैवेद्य ठेवायचा, कावळा शिवला की घरी जायचं, एवढंच खरं तर काम. पण त्याची आता सभा झाली आहे. सतरंज्या असतात, माइक असतो, नावं पुकारायला हायस्कूलचे एक निवृत्त सर असतात. कोण आधी बोलणार आणि कोण शेवटी, यावरून माणसं रुसतात. गेलेलं माणूस राहतं बाजूला.

आईच्या रक्षाविसर्जनाला कावळा लगेच आला. नैवेद्य ठेवून माणसं मागं सरतायत तोवर घास घेऊन गेलासुद्धा. चुलत्यांना केवढं बरं वाटलं. पण उठता येईना, कारण साहेब यायचे होते. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी; साखर कारखाना त्यांच्याच हातात, आणि त्यांच्या गटात आमचं घर आजोबांपासून आहे. ऊन चढलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कावळ्याला टायमाची किंमत हाय बघ गड्या." दबकं हसू पसरलं. एरवी मीही हसले असते. पण मला त्या दिवशी बोलायचं होतं आणि मी मनात वाक्यं जुळवत बसले होते.

काय बोलायचं होतं ते सांगते. उसाचा पाला काढताना आईला घोणस चावली. भावानं तिला मोटारसायकलवर बसवलं, मागं एका गड्याला धरायला घेतलं आणि गावातल्याच आरोग्य केंद्रात नेलं. केंद्र मोठं आहे. रंगवलेलं आहे. उद्घाटनाच्या फरशीवर नावांची दाटी आहे. दाराला कुलूप होतं. डॉक्टरांची जागा रिकामी, आणि नर्स लहान मुलांना डोस द्यायला लांबच्या वस्तीवर गेलेली. सापाच्या विषावरची लस आत फ्रीजमध्ये होती, हे तिनंच नंतर आमच्या दारात बसून रडत सांगितलं. भाऊ तिथून सांगलीच्या वाटेला लागला. आई वाटेत गेली.

डॉक्टरांची जागा रिकामी का, तेही गावाला माहीत आहे. आधीचे डॉक्टर केंद्राच्या आवारातच राहायचे, हाक मारली की यायचे. साहेबांच्या एका कार्यकर्त्याला त्यांनी खोटा दाखला द्यायला नकार दिला आणि त्यांची बदली झाली. नवीन डॉक्टर मागायचं पत्र आधी दुसऱ्या गटानं दिलं होतं; आता आणले तर श्रेय त्यांना मिळेल, म्हणून साहेबांकडं ते काम अडलं. पत्रानंतर दुसरा गटही गप्प, कारण कुलूप आहे तोवर त्यांना बोट दाखवायला जागा आहे. याला गावात कुणी राजकारण म्हणत नाही. "त्यो वरचा विषय हाय," म्हणतात.

आदल्या दिवशी मी भावाला सांगितलं की मी उद्या बोलणार. तो वैरण टाकत होता. हातातली पेंढी तशीच धरून म्हणाला, "नगं. तू जाशील साताऱ्याला निघून. मला हितंच ऱ्हायचंय. ऊस तुटायचाय अजून."

"दादा, आई साप चावून मेली नाही. कुलपानं मेली."

"मला सांगतीस? मी न्हेली व्हती तिला."

मी त्याच्या हातातली पेंढी घेतली आणि गोठ्यात टाकली. पण बोलायचं नाही असं मी कबूल केलं नाही.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. साताऱ्यात एका कॉलेजात शिकवते, आणि याचा मला अभिमान आहे. पण 'राजकारण' हा शब्द माझ्या अंगावर शिकल्यानंतरच यायला लागला. आईनं नळाला पाणी येत नाही म्हटलं तर लोक म्हणायचे, म्हातारी कटकट करते. तेच मी म्हटलं की राजकारण. वसतिगृहाच्या मुलींसाठी संडासाला कडी मागितली तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही यात राजकारण आणू नका." कडीत कसलं आलंय राजकारण? त्यांना म्हणायचं होतं, तुम्ही विचारू नका. एवढं सरळ बोलायची हिंमत नसते, म्हणून हा शब्द आहे.

साहेब आले. पांढऱ्या गाड्या ओळीनं लागल्या, बसलेली माणसं उठली. साहेब बोलले ते असं, की या माउलीनं आयुष्यभर आपल्या गटाशी निष्ठा ठेवली. आईला गट म्हणजे काय ते कधी कळलं नाही. ती घरचे सांगतील तिथं शिक्का मारायची. मग साहेब त्यांनी मंजूर करून आणलेल्या रस्त्यावर आले, आणि शेवटी म्हणाले, "येत्या निवडणुकीत हे घर आपल्यासोबत राहील, हीच खरी श्रद्धांजली ठरेल." माणसांनी माना हलवल्या. त्यांच्यानंतर दुसऱ्या गटाचे पुढारी उठले. दुःखात पक्ष नसतो म्हणाले, आणि त्या रस्त्यावरचा पूल आपण कसा आणला ते सांगून बसले.

सरांनी कुटुंबाच्या वतीनं आभार मानायला चुलत्यांचं नाव पुकारलं. मी बायकांतून उठले आणि माइक घेतला. म्हणाले, "आईला घेऊन आम्ही आरोग्य केंद्रात गेलो, तर कुलूप होतं. लस आत होती. इथं बसलेल्या दोन्ही पुढाऱ्यांना मी विचारते, डॉक्टर कधी येणार?"

साहेबांच्या मागचा कार्यकर्ता उभा राहिला. "ताई, तुमचं दुःख आमी समजतो. पन हितं राजकारण नको."

साहेब त्याला हातानं बसवत समजूतदार हसले. "असू दे रं. लेक शिकलेली आहे. भावनेच्या भरात बोलतीय."

"भावनेच्या भरात नाही, साहेब. तुम्ही माझ्या आईच्या राखेपाशी मतं मागितलीत, ते काय होतं?"

मग सरांनी दुसरा माइक तोंडाशी धरला. "सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळूया." सगळे उठले. माझ्या प्रश्नाचं तोंड त्यांनी माझ्याच आईच्या श्रद्धांजलीनं बंद केलं. भाऊ खाली बघत होता.

त्या हंगामात आमचा ऊस तुटला नाही. आमच्यामागून लागण केलेल्यांचे फड मोकळे झाले, आमच्या उसाला तुरे येऊन वजन घटायला लागलं. भाऊ तोडीची पाळी विचारायला कारखान्याच्या गट ऑफिसात गेला की एकच उत्तर, "नंबर लागला न्हाई अजून." हेही राजकारण नव्हतं. हा नंबर होता. भावानं फोनवर सांगितलं, "आता न्हे तुझ्या कॉलेजात आन् गाळ तितं." त्यानंतर तो माझे फोन घेईना. ऊस शेवटी उन्हाळ्यात गेला, वाळून हलका झालेला.

पुढच्या ग्रामसभेला मी रजा काढून गेले. डॉक्टरांचा विषय घ्या म्हणून अर्ज आधीच दिला होता. सरपंच म्हणाले, हा विषय राजकीय आहे, गावाच्या कामाचं बोला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला. तो आलाय हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"आईला घिऊन त्या दारात मी हुबा व्हतो," तो म्हणाला. "तिला पाणी पायजे व्हतं. केंद्राचा नळबी कोरडा. डॉक्टर कवा येनार तेवढं सांगा."

कुणीतरी टोमणा मारला, "बहिनीनं राजकारण शिकवलं व्हय रं?"

"शिकवलं. डॉक्टर कवा येनार?"

"आरं, बस की खाली."

"बसतो. डॉक्टर कवा येनार?"

माहिती घेऊन कळवू, असं उत्तर मिळालं. ते अजून कळवतायत. नर्स गावात असली तर केंद्र उघडं, नसली तर कुलूप. दादा दर ग्रामसभेला जातो, उभा राहतो, तेवढंच विचारतो आणि पुन्हा 'कळवू' हे उत्तर येईपर्यंत खाली बसत नाही. गेल्या खेपेला त्याला दम लागला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं बसल्या जागेवरनंच पुढं विचारलं, "आवं सरपंच, सांगा की, डॉक्टर कवा येनार?"