यंत्रात ताप दिसला नाही

बोलायच्या आधी संघमित्रा नाकावरचा मास्क चाचपायची. दिलेलं पेन परत घ्यायची नाही. कुणी मागितलं तर दुसरं काढून कायमचं देऊन टाकायची. नायगावातल्या आमच्या चाळीत जिन्याच्या कठड्याला तिचा हात लागायचा नाही. नळावर कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच दारातून विचारायची, "अप्पा, जेवलात?"

अप्पा म्हणजे तिचे आजोबा. गिरणीतल्या कापसाने त्यांची छाती आधीच पोखरली होती. आईवडील, अप्पा आणि ती, खोली एकच. करोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा उघडल्या तेव्हा डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, यांना आता काही होता कामा नये. पंधरा वर्षांच्या मुलीने ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. वर्गातली मुलं तिला 'महापालिका' म्हणायची.

२०२२चा फेब्रुवारी. दहावीचा निरोप समारंभ. एका बाकावर एकच जण, खाऊ नाही, गळाभेट नाही. फाटकावर ताप मोजायचं काम तिने मागून घेतलं. मी त्याच शाळेतून शिकून गेलेली, मदतीला आले होते. तिच्या शेजारी उभी राहून मुलांच्या हातावर सॅनिटायझर घालत होते.

ऋता आली. तिची जिवाभावाची मैत्रीण. समारंभात भाषण तिचंच होतं. यंत्रात ताप दिसला नाही. ऋताने तिला मिठी मारली आणि हसत पुटपुटली, "रात्री ताप होता गं. गोळी घेऊन आलेय. मशीन काही बोलणार नाही."

संघमित्राचा यंत्र धरलेला हात तसाच वर राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मागे रांग खोळंबली होती. सर म्हणाले, चला, चला. ऋता आत गेली. भाषण छान झालं म्हणे. संघमित्रा तेव्हा मागच्या नळावर हात धूत होती.

त्या दिवसापासून ती घरातही मास्क लावून झोपू लागली. अप्पांचं ताट लांबूनच सरकवायची. कारण तिने त्यांना सांगितलं नाही.

"काय गं," अप्पा म्हणायचे, "आता आपल्याच घरात शिवाशिव?"

ते हसायचे. ती हसायची नाही.

तिसऱ्या दिवशी ऋताचा मेसेज आला. पॉझिटिव्ह. संघमित्रा आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरूनच हातोडी मागितली. तिला दोरी बांधून, वर साडी टाकून खोलीचे दोन भाग करायचे होते. एका भिंतीत खिळा बसला. स्टूल ओढून ती दुसऱ्या भिंतीशी चढली. मी त्यांच्या दारातून बघत होते. अप्पा खाटेवरून उठू लागले.

"अप्पा, तिकडेच थांबा," ती म्हणाली. "माझ्याजवळ येऊ नका."

अप्पा खोकले. त्यांचा रोजचा खोकला साऱ्या चाळीला पाठ होता. हा तो नव्हता. कोरडा होता, आणि थांबत नव्हता.

ती स्टुलावरून उतरली. एक पाऊल त्यांच्याकडे टाकलं आणि जागीच थांबली. हातोडी स्टुलावर राहिली. दोरी जमिनीवर पडली होती. भिंतीतला दुसरा खिळा अर्धाच आत गेला होता.