कुणी न सांगता आईनं धरलेलं सुतक

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दारावर लिंबू-मिरची दिसली की पोरांसमोर हातानं तोडून टाकणारा मी. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून कितीदा मनातल्या मनात हसलोय. आज स्वतःच लिहायला बसलो... हसा खुशाल.

ठिकाण – ताडकळस, जिल्हा परभणी. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्या अन् ओसरीचं घर. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी दुसरीत असताना वडील गेले. तिनं एकटीनं आम्हा दोघा भावांना शिकवलं, ड्युटी करून, रात्री-अपरात्री बाळंतपणं करून. आसपासच्या कुठल्याही गावात गेलं तर एखादा मिशीवाला बाप्या उठून तिच्या पाया पडायचा – "बाई, मी तुमच्याच हातचा."

रिटायर झाल्यावर तिला उरलो आम्ही अन् देव. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात पूजा. शनिवारी पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन, एसटी चुकली तर कुणाच्याही मोटरसायकलवर मागं बसून. हृदयात स्टेंट टाकल्यावर डॉक्टर म्हणाले, दगदग नको. तर त्यांनाच म्हणते कशी, "तुमी गोळ्या लिहा, बाकीचं मी अन् देव बघून घेतो."

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ सुधाकर, पुण्याला कंपनीत. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आई अर्धा तास आधीपासून माझा मोबाइल मांडीवर घेऊन बसायची.

तो रविवारच होता. सकाळचे सात. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. आई देवघरातून बाहेर आली, हातात पाण्याचा तांब्या तसाच भरलेला.

"दिगू, हात जाईना रे देवाकडं."

मी ताडकन उठलो. मला वाटलं, लकवा!

"लकवा न्हाई. बघितलं मी," ती म्हणाली. दोन्ही हात वर करून दाखवले. आरशासमोर हसून बघितलं होतं, तोंड वाकडं नव्हतं. बीपीचं मशीन स्वतःच लावलं होतं – एकशे तीस, ऐंशी. माझ्यासमोर त्याच हातानं चहा केला, साखरेचा दाणा सांडला नाही. मग मला मागं उभं करून परत देवघरात गेली. तांब्या उचलला, हात पुढं नेला... अन् देव्हाऱ्याच्या वीतभर अलीकडं तो थांबला. थरथर नाही, काही नाही. नुसता थांबला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तिनं तांब्या खाली ठेवला. "सुतक हाय," म्हणाली. "शकूला बोलव, पूजा तिला करू दे." शकुंतलाकाकू आमच्या शेजारी. भावकीतल्या नाहीत, म्हणून आमचं सुतक त्यांना लागत नाही.

"कुणाचं सुतक? सगळे धडधाकट हायत की!"

तिनं माझा मोबाइल उचलून माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाली, "सुधाला फोन लाव."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला मोबाइलवरचे आकडे नीट दिसत नव्हते. फोन मीच लावून द्यायचो. अन् मी भडकलो. "सकाळी सकाळी काय अभद्र बोलायलीस? तुझ्या खुळापायी त्याला काय विचारू – जिवंत हायस का म्हणून? संध्याकाळी करतोच की तो!"

"दोन शब्द बोलू दे रे."

"न्हाई म्हणलं ना!"

दोनदाच मागितलं तिनं. तिसऱ्यांदा नाही. अन् सांगायला लाज वाटते, पण आपण अंधश्रद्धेला थारा दिला नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

सव्वाबाराला वहिनीचा फोन आला. अकरा वाजता दादा उभ्या उभ्या कोसळला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं.

आईला सांगितलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का सोसणार नाही. पुण्याला ट्रेनिंग आहे, असं खोटं सांगून निघालो. बायकोला, सुनीताला, शपथ घातली. नातेवाइकांना फोनवर दटावलं. आयुष्यभर दवाखान्याच्या दारात उभं राहून लोकांना असली बातमी आईनंच सांगितली होती. "लपवू नका रे, रडू द्या त्यांना," हे तिचं नेहमीचं बोलणं. अन् आम्ही तिच्यापासूनच लपवलं.

दादाला दोन मुलीच. अग्नी मी दिला. डोकं भादरायला बसलो, पण टक्कल बघून आईला कळेल म्हणून न्हाव्याला नावापुरती एक बट कापायला लावली. गुरुजी नाराज झाले. होऊ देत, म्हटलं.

इकडून सुनीताचे रोज फोन. "आई चटईवर झोपायल्यात. डोक्याला तेल न्हाई. गोड तोंडात घालीनात, देवाला शिवीनात. मी कायच बोलले न्हाई वो, लेकराची शपथ!" अकराव्या दिवशी आईनं अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं, घर पुसून घेतलं, डोक्यावरून न्हाली अन् देवाला पाणी घातलं. त्या दिवशी हात गेला. तिकडं आम्ही त्याच दिवशी शुद्ध झालो होतो.

चौदाव्या दिवशी दुपारी घरी आलो. आई ओसरीवर बसली होती.

"झालं का ट्रेनिंग?"

"झालं."

"बस असा."

पायाशी बसलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, केसांत बोटं घालून, सावकाश. "केस काढायचे होते रे दिगू. थोरला होता तुझा."

मी जो फुटलो... गल्ली गोळा झाली असेल. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. "माझं रडून झालं," म्हणाली. "सुनीता भाजीला गेली की रडून घ्यायचे. तुमी लपवायलते, मग मी बी लपवलं." भरल्या घरात माझी आई चोरून रडली. माझ्यामुळं. हे माझ्या छातीवरून अजून उतरलेलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मी फोन लाव म्हणले, तवा काय करायलता रे सुधा?"

"झोपला होता आई. रविवार ना."

"बरं झालं मग. झोपलेल्या लेकराला उठवून काय करणार होते मी."

आई गेल्या वर्षी गेली, म्हणून आज लिहितोय. दादाला आधी छातीत दुखलं असेल, त्यानं आईला सांगितलं असेल, म्हणून वहिनीला खोदून खोदून विचारलं. तसं काही नव्हतं. अन् सांगितलं असतं तर नर्सबाईनं त्याला डॉक्टरकडं पिटाळलं असतं, जित्या माणसाचं चार तास आधी सुतक कशाला धरलं असतं? योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. मीही तसं म्हणून बघितलं. जमलं नाही. कुणाकडं काही उत्तर असेल तर जरूर सांगा, माझ्याकडं नाही.

एक गोष्ट मात्र मी आईला शेवटपर्यंत सांगितली नाही. त्या रविवारी सात वाजता दादा झोपला नव्हता. गॅलरीत चहा घेत बसला होता. वहिनी म्हणाल्या, "आईशी बोलावंसं वाटायलंय" असं म्हणून त्यानं मोबाइल उचलला... अन् परत ठेवून दिला.

"आत्ता नको," म्हणाला. "आत्ता ती पूजेत असंल."