परकराची पोस्ट काढणार नाही

तर सगळ्यात आधी आली ती समोरची वर्षा. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "मावशी, कालची पोस्ट डिलीट करा." तिच्या मागून इथल्या मराठी मंडळातल्या दोघी आल्या, त्यांचंही तेच.

काल मी काय लिहिलं, तर ऑस्ट्रेलियात लेकीकडे परसात छत्रीसारखी गोल फिरणारी दोरी आहे, तिच्यावर सगळे कपडे उन्हात वाळतात. शेजारीण कुंपणावरून लिंबं देते. काय रसाळ लिंबं, पण ते जाऊ दे. इथे अमेरिकेत नोव्हायला मुलाकडे मात्र कॉलनीची असोसिएशन कपडे बाहेर वाळत घालू देत नाही, सगळं ड्रायरच्या मशीनमध्ये. म्हणून लिहिलं, एवढ्या मोठ्या देशाला माझ्या परकराची भीती वाटते.

वर्षा म्हणाली, "लोक हसतील. असोसिएशनने वाचलं तर?"

म्हटलं, "वाचू दे. त्या निमित्ताने मराठी तरी शिकतील."

मी चौथी शिकलेली, फोनला सांगते आणि तो लिहितो. जन्मभर माझं बोलणं मध्येच तोडलं, आधी सासूबाईंनी, मग यांनी, आता मुलगा तोडतो. या माझ्या पानावर कोणी तोडत नाही. पोस्ट काढली नाही, काढणारही नाही.

चहा पिताना वर्षाच हळूच म्हणाली, "मावशी, आईने शिवलेली गोधडी माझ्या ड्रायरमध्ये उसवली. तेवढं लिहाल?"

"मी कशाला? तूच लिही, मी शिकवते."

मग बाकीच्या दोघींनाही काय काय आठवायला लागलं.

तुम्हाला कोणी पोस्ट काढायला लावली, तर तुम्ही काढता का हो?

तिघी रविवारी येणार आहेत, फोन चार्ज करून.