बुद्धाहून खाली

नॉर्थ यॉर्कच्या आमच्या बिल्डिंगमधले नागपूरचे काका मला रविवारीच भेटतात, बेसमेंटच्या लाँड्रीत. कपडे मशीनला लावले की ते ड्रायरला धरून कण्हत उकिडवे बसतात. मला वाटायचं, पडलेला मोजा शोधतायत.

एकदा विचारलंच. म्हणाले, "थायलंडला अयुथयाच्या पडक्या देवळात झाडाच्या मुळांत बुद्धाचं डोकं आहे. तिथे फोटो काढताना आपलं डोकं त्याच्याहून वर चालत नाही. बसावंच लागते."

"काका, गुडघे दुखतात तर लांबूनच बघा ना."

"लांबून तर कॉम्प्युटरवर पाहूनच राहिलो मी."

अख्खा विंटर त्यांनी उठताना मला हात देऊ दिला नाही. आज ड्रायरला न धरता उठले. "तिकीट काढतो आता," म्हणाले, आणि खात्री करायला पुन्हा खाली बसले.