मोहिद्दीनचा शनिवार

तासगावात मोहिद्दीन नदाफाच्या दारावरून लोक जायचे, पण दारात कुणी थांबायचं नाही. ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मोहिद्दीन पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचा. लोक रस्त्यावरूनच हाक मारायचे, गाठोडं उंबऱ्याबाहेर टाकायचे आणि तयार गादी दोन दिवस उन्हात टाकून मगच घरात घ्यायचे. गावाचं म्हणणं, त्याला क्षय आहे. बायको झुबेदा त्यानंच गेली, आता ह्याची पाळी. गावाला डॉक्टरची पदवी कुणी दिली हे मला अजून कळलेलं नाही.

मी तेव्हा दवाखान्यात मदतनीस होतो. दर शुक्रवारी सांगलीहून छातीचे डॉक्टर यायचे. श्वास मोजायचं त्यांचं यंत्र दवाखान्यातच असायचं: गोल, थाळीएवढं, वर आकडे आणि काटा. पेशंटनं छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात जोरानं फुंकायचं. काटा थांबेल तो आकडा वहीत. लोक त्याला 'फुंकायचं घड्याळ' म्हणत. दमेकऱ्याचा काटा दीडशे-दोनशेवर अडायचा, धडधाकट गडी पाचशेच्या पुढं न्यायचा. घड्याळ माझ्या ताब्यात, म्हणून मीही जरा भाव खायचो.

मोहिद्दीन आला तो शुक्रवारी सकाळीच. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा, डोळ्यांत सुरमा. इथून थेट जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं. तो खोकत बसला तसं बाक रिकामं झालं.

"डॉक्टरसाहेब, मला कागद पायजे," तो म्हणाला. "मला क्षय न्हाई म्हणून."

त्याची एकुलती लेक नूरजहां वडूजला दिली होती. आई गेल्यापासून सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं नव्हतं. नातू तीन वर्षांचा झाला तरी मोहिद्दीननं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बाळासाठी भरून पाठवलेली इवलीशी गादी एसटीच्या टपावरून परत आली होती. डॉक्टरचा कागद आणा, मग पाठवतो, असा निरोप होता.

थुंकी तपासली, साफ. छातीचा फोटो काढला, त्यातही काही नाही. तीन शुक्रवार फुंकायला लावलं, तर काटा चारशेच्या आसपास. डॉक्टरांनी विचारलं, "छाती सोमवारी जास्त भरते का?"

"सोमवारी न्हाई, साहेब. सोमवारी बरा असतो."

कापसाचा दमा असता तर सोमवारी वाढला असता, पुस्तकात तसंच आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग एवढा खोकला कशाचा? ते कळेना, आणि कळेपर्यंत कागदावर सही करायला ते तयार होईनात. मोहिद्दीन सलाम करून गेला. त्याच्या मागं कुणीतरी म्हणालं, बाक पुसून घ्या. मी पुसून घेतलं. लपवण्यात अर्थ नाही.

महिन्याभरानं माझी गादी दगडासारखी झाली म्हणून मी त्याच्याकडं गेलो. शनिवारची दुपार होती. पिंजण बाजूला पडलेलं, आणि मोहिद्दीन गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला. श्वास घेताना मानेच्या शिरा तटतटत होत्या. मी उंबऱ्यावरच उभा राहिलो. बोलता येण्याइतका दम यायला त्याला अर्धा तास लागला.

"रोज असंच हुतं का, चाचा?"

"न्हाई. शनवारीच लय. रविवारी जरा उतरतं, मग हप्ता ढकलतो."

"शनवारीच का पर?"

"शुक्रवारी सुट्टी असती न्हवं. एक दीस आराम दिला की छाती लाडावती." तो हसायला गेला आणि पुन्हा खोकू लागला.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो आमच्यासारख्यांसाठीच. पुस्तकातला सोमवार गिरणी कामगारांचा होता. ते रविवारी घरी बसतात आणि सोमवारी धुळीत जातात. मोहिद्दीन शुक्रवारी बसायचा. त्याचा सोमवार शनिवारी यायचा. आणि आम्ही त्याला दर वेळी नेमकं सुट्टीच्या दिवशी फुंकायला लावत होतो.

पुढच्या शनिवारी मी कुणाला न विचारता घड्याळ पिशवीत घालून नेलं. कामाआधी काटा तीनशे नव्वदवर गेला. संध्याकाळी दोनशे साठवर थांबला. ओळीनं तीन शनिवार तेच. डॉक्टरांनी वही बघितली, आधी यंत्र नेल्याबद्दल मला झापलं, मग आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले आणि कागद लिहिला. क्षय नाही. कापसाच्या धुळीचा आजार. एकाचा दुसऱ्याला होत नाही.

तो कागद मी स्वतः नेऊन दिला. या वेळी उंबरा ओलांडून आत बसलो आणि वाचून दाखवला. मला वाटलं, हा आता उठून वडूजची एसटी गाठणार. त्यानं मला शेवटची ओळ परत वाचायला लावली.

"पिंजायचो मी," तो म्हणाला. "पर जुन्या गाद्या उसवून कापूस झटकायचं काम झुबेदाचं. माझ्यापरीस तीच धुळीत जास्त."

मी कागदाची घडी घातली.

"शेवटचे सा म्हैने ती परसातल्या छपरात एकटी हुती. लोकांनी सांगितलं, म्या ऐकलं. ताट लांबनं सरकवायचो. ती म्हणायची, बसा की जरा हितं. म्या कवा बसलो न्हाई."

"चाचीचा श्वास कुणी मोजलाच न्हाई, चाचा. आता कसं सांगायचं?"

"तिलाबी शनवारीच लय व्हायचं," तो म्हणाला.

कागद वडूजला गेला आणि पंधरा दिवसांत नूरजहां पोराला घेऊन आली. मोहिद्दीननं पिंजण विकून टाकलं होतं, घर झाडून धुऊन घेतलं होतं. ती परत आलेली गादी नातवाखाली अंथरली. मी भेटायला गेलो तर घरात पोराचा दंगा, आणि म्हातारा परसातल्या छपरात, रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर बसलेला. नूरजहां दारातनं हाक मारत होती, "अब्बा, आत या की."

"बसतो जरा हितं," तो म्हणाला.