आतली कडी

त्या सकाळी नऊ वाजले तरी दादाच्या खोलीचं दार उघडलं नाही, आणि मी वेड्यासारखी खूश होते. सुपे गावात माझ्या घरी येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. "हळू बोला, दादाला झोप लागलीय," असं नवऱ्याला दटावलं, रेडिओ बंद केला, चहा झाकून ठेवला... दुपारी दार तोडावं लागलं. झोपेतच गेला, असं डॉक्टर म्हणाले.

माझा हा थोरला भाऊ नव्वद साली श्रीलंकेत लढून परतला, तो झोप तिकडेच ठेवून. डोळा लागला की स्फोटात गेलेला जोडीदार दिसायचा. अंगारे झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी नुसती जीभ जड झाली. त्यात आमचं घर शिंगणापूरचं. तिथं घरांना चौकटी असतात, दारं नसतात. अंधार पडला की दादा चौकटीकडे तोंड करून बसायचा. "एका खोलीला तरी दार लावू द्या," म्हणून त्याने आमच्या चुलत्यांपुढे, नानांपुढे, हात जोडले. नाना म्हणाले, "देवाच्या गावात दार? कुनाला भितोस रं, फौजी?"

मग पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. मनात तो प्रसंग आणायचा आणि त्यांची बोटं डावीउजवीकडे फिरतील तशी नजर फिरवायची, अशी त्यांची नवी पद्धत. मला ते खोटंच वाटलं होतं; पण दादाला उतार पडू लागला. भाबडेपणाने त्याने घरी सगळं सांगितलं. झालं! नाना ओट्यावर बसून विडी धरलेली बोटं त्याच्या डोळ्यांपुढे नाचवायचे. "हिकडं बघ... आता तिकडं बघ. आली का झोप?" ओटाभर माणसं खिदळायची.

पुढच्या खेपेला बाईंनी बोटं उचलली आणि दादाने डोळे गच्च मिटले. "बाई लई चांगल्या हायेत गं," तो मला म्हणाला, "पन बोटं दिसली की नानाच हसताना दिसत्यात." उपचार तिथंच थांबले. आधी त्याला निर्धास्त वाटेल अशी जागा द्या, असं बाईंनी सांगितलं, म्हणून मी त्याला घेऊन आले. मागच्या खोलीची कडी त्याने लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. आतून त्याचं हसणं ऐकू आलं, कित्येक वर्षांनी.

दहाव्याला नाना चारचौघांत म्हणाले, "दार नसतं तर वाचला असता." हातातला तांब्या त्यांच्या डोक्यात घालायचा राहिला, एवढंच.

दार आम्ही नवं केलं, कडी तीच ठेवली. दुपारची कामं आटपली की मी आत जाऊन ती लावते आणि दादाच्या कॉटवर बसते. परवा नाना आले. पुढचं दार उघडंच होतं. आपल्या सवयीने, हाक न मारता, सरळ मागच्या खोलीपर्यंत... तिथं अडले. "अगं, मी हाय, नाना. उघड की!" बराच वेळ ठोकत होते. मी कडी काढली नाही.