शेठची मागची सीट

या जगातला प्रत्येक नटबोल्ट रात्रंदिवस आपोआप ढिला होत असतो आणि त्याला कधी एकदा आपल्याला खाली पाडतो असं झालेलं असतं, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे घणसोली गावातले घरमालक. सगळे भाडेकरू त्यांना शेठ म्हणायचे. मी करमाळ्याहून नोकरीसाठी आलो आणि त्यांची खोली बघायला गेलो तेव्हा मला पाण्याची वेळ विचारायची होती. शेठनी त्याआधीच मला खिडकीच्या ग्रिलला लोंबकळायला लावलं. मी आपला दोन्ही हातांनी धरून लोंबकळलो, पाय वर घेतले, समोरच्या घरातली बाई भाकरी थापायची थांबून बघायला लागली. शेठनी खालून ग्रिलच्या चारी कोपऱ्यांकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "धरलान ना? मंग झोप बिनधास्त." डिपॉझिटचं बोलणं त्यानंतर झालं.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, शेठ दहा-बाराचा पाना ठेवायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, आणि खिशातून डोकावणारा तो पाना. कुठंही गेले की आधी वर बघायचे, पंखा दिसला की त्याच्या खालची खुर्ची सोडून भिंतीकडंची घ्यायचे. हळदीच्या मांडवात जेवायला बसायच्या आधी मांडवाचा बांबू धरून असा गदागदा हलवायचे की मांडववाला ताट टाकून पळत यायचा. एकदा एका दुकानात त्यांनी फळी हलवून बघितली आणि फळीनं त्यांची शंका खरी करून दाखवली, वरचे सगळे डबे खाली. दुकानदार ओरडत होता आणि शेठच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! कारण विचारलं तर ते जास्त बोलायचे नाहीत. तळोज्याला एका केमिकल कंपनीत त्यांनी उभं आयुष्य मेंटेनन्समध्ये काढलं होतं. पाइपांचे जोड आवळायचे, आवळलेले पुन्हा तपासायचे. एवढंच एकदा म्हणाले होते, "तिथं येक बोल्ट ढिला म्हनजे अख्खी शिफ्ट घरी नाय." हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, म्हणून मी त्या वाक्याची नक्कल कधी केली नाही.

बाकी सगळ्याची करायचो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हेडमास्तरांची नक्कल करून त्यांच्याच हातून बक्षीस घेतलेला माणूस मी, मला गल्ली म्हणजे फुकटचा माल होता. दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, शेठ, सगळे मला यायचे. शेठच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकी, मासळी साफ करता करता माझ्याकडून शेठ करून घ्यायच्या आणि पदरात तोंड घालून हसायच्या. पण काकींची नक्कल म्हणजे कठीण काम. ती बाई बोलायचीच नाही. दिवसभरात आठ-दहा 'हं' आणि एखादं 'बरं', यात कलाकारानं काय करायचं?

आणि काकींच्या या न बोलण्यातूनच ते प्रकरण घडलं, ज्यामुळं शेठच्या मोटारसायकलची मागची सीट ओस पडली. ही मी यायच्या आधीची गोष्ट. दोघं लेकीकडून, सीवूड्सहून परत येत होते. शेठ पुढं गाडी चालवत बोलतायत, जावई कसा, त्याच्या बाल्कनीचं रेलिंग कसं, काकी मागं गप्प. कोपरखैरण्याच्या अलीकडं एक स्पीडब्रेकर लागला आणि काकी मागून अलगद सरकून रस्त्यावर बसल्या. शेठना पत्ताच नाही. ते बोलतायत. उत्तर येईना तेव्हा त्यांना वाटलं, ही रुसली. म्हणून सिग्नलपर्यंत तिची समजूत काढली, नवीन पातळ घेऊ म्हणाले. सिग्नलला वळून बघितलं तर मागं कोणी नाही.

काकींना खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. त्या डिव्हायडरवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेठ उलट्या बाजूनं धावत आले तेव्हा एवढंच म्हणाल्या की कोलंबी सांडली. पण शेठ त्या दिवशी जे घाबरले ते घाबरलेच. त्यानंतर त्यांनी मागं कुणालाही बसवलं नाही. गॅसचा सिलिंडर नाही, तांदळाची गोणी नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांना गप्पपणाची भीती बसली. घरात काकी शेजारच्या खोलीत असल्या आणि भांड्याचा आवाज थांबला की हे इकडून हाक मारायचे, "हाय ना?" काकी तिकडून म्हणायच्या, "हं."

मग लेकीला बाळ झालं. रविवारी बारसं ठरलं. जावई गाडी पाठवतो म्हणाला. काकींनी त्या वर्षातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलून टाकलं. "नातवाला बघाला मी तुमच्या मागं बसून जानार, नाय तर तुमी येकटेच जा." बस. पुढं पुन्हा मौन. शेठ हादरले. काकी बोलल्या म्हणजे ते होणार, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

त्यांनी लगेच एक नवी लांबलचक सीट मागवली. मागच्याला पाठ टेकायला उशी, धरायला दोन्हीकडं कड्या. त्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत एल आकाराच्या दोन पट्ट्या, चार बोल्ट, वॉशर आणि रबराची बुटकी बुचं. शनिवारी सकाळी अंगणात गाडी उभी केली आणि मदतीला मला बोलावलं. मी नटबोल्टांतला नाही, पण भाडेकरू होतो.

काम सोपं दिसत होतं. सीटच्या पुढच्या टोकाला खाली एक पत्र्याची जीभ असते, ती टाकीमागच्या खाचेत सरकवायची, आणि मागं पट्टीवर भोकात भोक जुळवून दोन बोल्ट आवळायचे. जुनी सीट शेठनी काढली. तिच्या खाली, गाडीच्या सांगाड्यावर, एक लाल गाठोडं बांधलेलं होतं. दरवर्षी एकवीरा आईच्या डोंगरावर गेलं की तिथला अंगारा, ओटीच्या खणाची एक चिंधी आणि नारळाची शेंडी आणून शेठ त्यात भर घालायचे. त्याला ते आईच म्हणायचे. त्यांनी गाठोडं कपाळाला लावून तुळशीपाशी ताटात ठेवलं आणि पट्ट्या बसवल्या. सीट वर धरून भोकं बघितली, बरोबर समोरासमोर. मग शेठनी हात धुतले, आईला परत जागेवर बांधलं, आम्ही दोघांनी हात जोडले आणि सीट ठेवली.

बसेना. मागचं भोक पट्टीपासून बोटभर वर. शेठनी दाबून मागचा बोल्ट लावला तर पुढची जीभ खाचेतून बाहेर. जीभ आत घातली तर मागं सीट शेपूट उचलून उभी.

मग सुरू झालं. आईला ताटात, सीट खाली, पट्टी उलटी करून लावली. आईला जागेवर, नमस्कार, सीट वर, बसेना. पुन्हा सगळं उतरवून रबराची बुचं काढली. पुन्हा नमस्कार, बसेना. लांब बोल्ट आणले. भोक कानशीनं घासून लांबट केलं. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला तर तो त्याच्या खुर्चीवर आरामात बसून म्हणाला की भाई, हजारो गेल्यात, सगळ्या बसल्यात. गॅरेजवाला आला, त्यानंही आधी आईला हात जोडले, मग सीट दाबली आणि माल चुकीचा आलाय असं सांगून निघून गेला. दुपारी शेठ जरा चहाला आत गेले तेव्हा मी सहज सीट ठेवून बघितली, तर टक्क करून बसली! मी हाका मारत सुटलो. शेठ पळत आले. हलवून बघितली, दगड. त्यांचे डोळे चमकले, मग म्हणाले, थांब, आधी आईला ठेवू. सीट काढली, आई ठेवली, नमस्कार केला, सीट लावली. शेपूट वर.

शेठ माझ्याकडं बघतच राहिले. "तुज्या हाताला बसतंय. माज्या हाताला नाय." आवाज इतका हळू होता की मला ऐकायला पुढं वाकावं लागलं.

तरी माणूस हटला नाही. लांब बोल्टांवर जाड वॉशर चढवून त्यांनी सीट जबरदस्तीनं आवळली आणि ट्रायल घ्यायची ठरवलं. मागं मी. अट एकच, तोंड बंद करायचं नाही. "बोलत रा. आवाज थांबला का मी ब्रेक मारनार." आणि काय बोलायचं, तर काकींच्या आवाजात बोल म्हणाले, म्हणजे उद्याची सवय होईल. अशा प्रकारे मी, दाढी राखलेला इसम, ठाणे-बेलापूर रोडवर शेठच्या मागं बसून बारीक आवाजात "अवो, हळू. अवो, दूध आनलात का?" करत निघालो. शेजारून जाणारा रिक्षावाला आमच्याकडं बघून पुढच्या रिक्षावर आदळता आदळता राहिला. मलाही मजा यायला लागली होती. मी पातळाचा विषय काढला.

तेवढ्यात खड्डा आला आणि माझ्या खाली 'कट्' झालं. सीट मागं सरकली. म्हणजे मीही सरकलो. कड्या हातात होत्या, पण कड्याही सीटलाच होत्या, त्याही माझ्याबरोबर मागं निघाल्या. पाठीमागं ट्रेलरचा हॉर्न. माझा आवाज बंद झाला, काकींचाही आणि माझा स्वतःचाही. शेठनी त्याच क्षणी गाडी कडेला घेतली. ट्रेलर गेला, त्याच्या वाऱ्यानं शर्ट फडफडला. शेठ मागं वळले नाहीत. त्यांनी फक्त हात मागं आणला, माझा गुडघा चाचपला आणि पुढं बघूनच विचारलं, "हाय ना?"

मी हो म्हणालो. त्यांचा हात गुडघ्यावरून किती तरी वेळ निघेना. त्या माणसाची मी इतके दिवस नक्कल करत होतो, पण तो कशाला भितो ते मला तिथं, रस्त्याच्या कडेला कळलं.

गाडी ढकलत परत आणली. शेठ अंगणात बसले आणि म्हणाले की झालं, आईचीच मर्जी नाय. माझ्या मागं कुणी बसू नये असं ती सांगतेय. उद्या जावयाची गाडी बोलवा, ही मोटारसायकल भंगारात काढा. पाना त्यांनी खिशातून काढून ओट्यावर ठेवला. मला हे बघवेना. पण माझंही मन म्हणत होतं, भोकं जुळतात, आम्ही हात जोडले की हटतात, म्हणजे काही तरी आहे बुवा.

काकी सुकट पाखडायचं सूप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या दिवसभर तिथूनच बघत असणार. सूप खाली ठेवलं, गाडीपाशी आल्या, वाकून सीटखाली एक नजर टाकली.

"आईच्या डोक्यावर बसवताव सीट," त्या म्हणाल्या. "ती कशी खाली जाईल?"

आम्ही दोघांनी वाकून बघितलं. जुनी सीट आतून पोकळ होती, वर्षानुवर्षं गाठोडं त्या पोकळीत सुखानं राहिलं होतं. नवीचं बूड सपाट. दरवेळी माप घेताना गाठोडं ताटात आणि सीट ठेवताना गाठोडं जागेवर, आणि ठेवताना सगळ्यांचे डोळे मिटलेले! गॅरेजवाल्याचेसुद्धा.

पण शेठ उठेनात. गाठोडं हलवायला त्यांचा हात धजेना. तिच्याच आधारानं इतकी वर्षं घरी आलो, काढली आणि उद्याच काही झालं तर? मग काकींनीच सीट बाजूला करून गाठ सोडली, गाठोडं पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "मी परले तवा पन ती खालीच होती. तिला काय दिसनार तिथून? पुढं बांधा, हँडलला. रस्ता बघूंद्या तिला पन."

शेठनी ओट्यावरचा पाना उचलला. आई हँडलवर गेली, रबराची बुचं परत आली, मूळचे बोल्ट लागले. सीट टक्क करून बसली. शेठनी हलवली. मला लोंबकळायला लावलं. पुन्हा हलवली.

रविवारी काकी नव्या पातळात, केसांत अबोली, मांडीवर झबल्या-टोपड्याची पिशवी घेऊन मागं बसल्या. गल्ली बघायला जमली होती. शेठचा चेहरा असा की जणू गाडी नाही, काचेचं सामान नेतायत. गाडी सुटली आणि चार पावलांवर त्यांनी विचारलं, "हाय ना?" काकी म्हणाल्या, "हाय." पुन्हा चार पावलं, पुन्हा "हाय ना?" आणि पुन्हा "हाय." नेहमीचा 'हं' नाही, पूर्ण शब्द, स्वच्छ. शब्द जपून वापरणारी ती बाई वळणापर्यंत सढळ हातानं तो एकच शब्द देत गेली, आणि वळणानंतरही मला तो दोनदा ऐकू आला.

आता मी तळोज्याला राहतो, टॉवरमध्ये. ग्रिल पक्कं आहे, असं बिल्डर म्हणतो, कुणी लोंबकळून बघितलेलं नाही. मित्र जमले की आजही शेठ करून दाखवायला लावतात. मी पाना काढतो, पंख्याकडं बघतो, "हाय ना?" विचारतो, सगळे लोळतात. मग कोणी तरी म्हणतं, आता काकी कर. शब्द तर एकच आहे. एकटा असताना मी पुष्कळदा म्हणून बघितलाय. आवाज हुबेहूब निघतो, पण मागं कुणी बसलंय असं काही वाटत नाही.